कणकुंबीहून दोन समुद्रांकडे



बेळगाव परिसरातल्या, घाटमाथ्यावरच्या या साहित्य संमेलनात आज मी समुद्राविषयी बोलणार आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यात देगावजवळची म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्राला मिळते. निपाणीकडची वेदगंगाही अखेर कृष्णेचीच. आपला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो.

उष्ण कटिबंधातल्या समुद्राला ऊन मुबलक मिळते, पण वरच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट फार थोडे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक ते वापरून टाकतात, मेलेले जीव खाली बुडतात आणि सारे खत अंधारात साचते. वरचे ऊबदार पाणी हलके, खालचे थंड पाणी जड. दोन्ही सहसा मिसळत नाहीत. ही सरमिसळ कशामुळे घडते, यावरच समुद्राची सुपीकता ठरते.

पावसाळ्यात किनाऱ्यालगत दक्षिणेकडे जाणारा वारा आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे वरचे पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर सरते. त्याच्या जागी खालचे थंड, पोषक पाणी वर येते, डायटम नावाचे प्लवक फोफावतात आणि त्यांच्यावर तारली मासळी पोसली जाते. मात्र सह्याद्रीवरून आलेले गोडे पाणी दुधावरच्या सायीसारखे काही मीटर जाडीने वर पसरते. त्याखाली हवा पोहोचत नाही, कुजणे चालू राहते आणि प्राणवायू संपतो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या पट्ट्यात हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपर्यंत मजल गेली होती. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी ते २००० साली 'नेचर'मध्ये मांडले. म्हादईचे पाणी त्या गोड्या थरात असते, हे वाचल्यापासून घाटातल्या पावसाकडे मी निराळ्या नजरेने पाहतो.

अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यातही प्लवक बहरतात. कोरड्या थंड वाऱ्यांनी वरचे पाणी गार व जड होऊन बुडते आणि खोलवरचे नायट्रेट वर ओढले जाते. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही प्रक्रिया उलगडली.

बंगालच्या उपसागराची गोष्ट वेगळी. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड्या पाण्यापुढे कृष्णेचा वाटा लहान, पण सगळ्यांचे मिळून असे हलके झाकण बसते की वाऱ्याला ते सहसा फोडता येत नाही. तिथे घड्याळाच्या उलट फिरणारे मोठे भोवरे पोषकद्रव्ये वर उचलतात, हे एस. प्रसन्नकुमार आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले.

आता आपल्या दारातला प्रश्न. म्हादई जलतंटा लवादाने २०१८ मध्ये कळसा-बंडुरी प्रकल्पासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेकडे वळवण्यास दिले. एवढ्याने अरबी समुद्राची क्षारता बदलेल, असे मी म्हणत नाही. पण उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की खारे पाणी मांडवीत बरेच आत चढते. तिथले प्लवक, कोळंबी, शिंपल्या त्या गोड्या-खाऱ्या तोलावर जगतात. आपल्याकडच्या चर्चेत पिण्याचे पाणी आणि शेती असते, असायलाच हवी; खाडी मात्र क्वचितच येते. पुढच्या संमेलनात म्हादईवर परिसंवाद ठेवाल, तेव्हा खानापूरच्या शेतकऱ्याशेजारी दोनापावलाच्या समुद्रशास्त्रज्ञाला आणि गोव्याच्या रापणकार मच्छीमाराला बसवा, आणि तिघांनाही पुरेसा वेळ द्या.