अडीच तासांचे अंतर



मुंबईपासून कोलकाता किती दूर, या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सरकारी कागदांवर अनेकदा लिहिले आहे. नागपूरमार्गे लोहमार्गाने ते १,९६८ किलोमीटर भरते. आकाशातून सरळ रेघ ओढली तर सुमारे १,६६०. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकांचे पहिले हावडा-दर्शन तिच्याच खिडकीतून घडले असेल. तिला तीस तासांच्या आसपास लागतात, विमानाला अडीच.

हे अडीच तासही दोन्ही दिशांना सारखे नसतात. उंचावरील वेगवान वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मुंबईहून इकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, परत जाणाऱ्याला सामोरे येतात. म्हणजे घर सोडताना वेळ कमी लागतो आणि घरी जाताना अधिक! आम्हांस तरी हा न्याय कधी पटला नाही.

२०१४ साली बदलीचा हुकूम आला तेव्हा कऱ्हाडला आईने विचारले, "किती लांब रे हे गाव?" आम्ही सहज बोलून गेलो, "अडीच तास." तिने मनाशी हिशेब केला. "म्हणजे पुण्यापेक्षा जवळच की!" तिच्या लेखी तास म्हणजे एस.टी.चे तास. तिची समजूत दुरुस्त करणे आम्ही टाळले.

२०१७ च्या जानेवारीत एका रात्री दहा वाजता धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. आई गेली होती. विमान सकाळचे, तेही दीड तास उशिरा सुटले. मुंबईस उतरून मोटारीने कऱ्हाड गाठेपर्यंत सायंकाळचे पाच वाजले. अडीच तासांचे ते अंतर तोडावयास एकोणीस तास लागले होते. मंडळी आमच्यासाठी खोळंबली होती आणि दिवस मावळण्यापूर्वी सारे व्हावयास हवे होते.

पूर्वी मुंबई आणि कलकत्ता या शहरांची घड्याळे निरनिराळी असत. त्यांत एक तास दोन मिनिटांचा फरक होता. कारण सूर्याला एक अंश रेखांश ओलांडावयास चार मिनिटे लागतात, आणि या दोन शहरांत साडेपंधरा अंशांचे अंतर आहे. पुढे साऱ्या देशाचे घड्याळ एक झाले. सूर्य मात्र जुन्याच हिशेबाने चालतो.

आम्ही अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच कोलकात्याहून सौभाग्यवतींचा दूरध्वनी आला. "पोहोचलात का? इकडे दिवे लागले."

आम्ही वर पाहिले. समोरच्या घराच्या कौलांवर अजून लख्ख ऊन होते. कृष्णा-कोयनेचा संगम तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर.

"दादा, चला," बंधू म्हणाले, "अजून तासभर आहे."