जिभेला वेसण



आजचा विषय बोलावयास थोडा अडचणीचा आहे. शिवीगाळीविषयी बोलावयाचे, आणि तिचा एकही मासला या ध्वनिक्षेपकापुढे उच्चारावयाचा नाही! परंतु उदाहरणांवाचून आपले अडेल असे वाटत नाही. रस्त्याकडची खिडकी क्षणभर उघडी ठेवली की ती आपोआप घरात येतात. आणि खरे सांगावयाचे तर काही घरांत ती खिडकीतून यावी लागत नाहीत.

प्रश्न ख्रिस्ती माणसांपुरता मांडावयाचा आहे, तरी तो त्यांच्यापुरता उरेल असे नाही. जो मनुष्य रविवारी उपासनामंदिरात स्तोत्रे गातो, त्याच्याच तोंडून सोमवारी मोंढ्यात, कचेरीत किंवा घरी जेवणाच्या पाटावर गलिच्छ शब्द निघतात. हा त्याच्या श्रद्धेचा दोष मानावयाचा की केवळ सवयीचा? कित्येक सज्जन म्हणतात, ‘‘शब्द म्हणजे काय, वाऱ्याची फुंकर! अंतःकरण शुद्ध असले म्हणजे झाले.’’ युक्तिवाद मोहक आहे खरा. परंतु नव्या करारातील लेखकांना तो मुळीच मान्य नव्हता.

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग जिभेवर खर्ची पडला आहे. घोड्याच्या तोंडातील लगाम, जहाजाचे सुकाणू, रान पेटविणारी ठिणगी, अशी चित्रे तो एकामागून एक उभी करतो. आमच्या वर्ध्याकडे समुद्र नाही आणि घोडाही आता वरातीपुरताच उरला आहे. म्हणून हा दृष्टांत येथे बैलाच्या वेसणीने सांगितलेला अधिक पटतो. एवढे धिप्पाड जनावर, पण नाकातील एका दोरीने वळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते, बैलाला जेवणाचे आवतण देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कोणी चाबूक उगारीत नाही. वर्षभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी धन्याची जीभही त्या दिवशी मवाळ झालेली असते. यावरून एवढे तरी सिद्ध होते की जिभेला वेसण घालता येते. ‘‘सुटत नाही हो सवय,’’ असे जे म्हणतात त्यांनी पोळ्याचा दिवस आठवून पाहावा.

याकोबाचा खरा मुद्दा मात्र आणखी पुढचा आहे. ज्या तोंडाने आपण देवाचा धन्यवाद करतो त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसाला शाप देतो, ही विसंगती त्याला असह्य होते. एका झऱ्यातून गोड आणि कडू असे दोन्ही पाणी कसे निघावे, असे तो विचारतो. या विचारात शिवीचे सारे तत्त्वज्ञान आले. शिवी वाईट ठरते ती तिच्यातील अक्षरांमुळे ठरत नाही. ज्याच्यावर ती पडते त्याच्या माणूसपणावर ती थुंकते म्हणून.

पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिताना जो ग्रीक शब्द योजिला आहे तोही ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘साप्रोस’ हा तो शब्द. शुभवर्तमानांत तो किडक्या झाडासाठी आणि जाळ्यातून काढून फेकून देण्याच्या मासळीसाठी आला आहे. ज्याला घाण सुटली आहे आणि जे पोटात गेल्यास बाधेल, अशा भाषणाला पौल हे विशेषण लावतो. त्याच पत्रात तो आणखी एका गोष्टीचा निषेध करतो, आणि ती वाचून आपणांसारख्या सुशिक्षितांनी थोडे चपापावे. ‘युत्रपेलिया’ म्हणजे चतुर विनोद, हजरजबाबीपणा. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात याला सद्गुणांत बसविले. पौलाने तो अमंगळ बोलण्याच्या पंगतीला नेऊन बसविला. पौलाला विनोदाचे वावडे होते असा याचा अर्थ मी करीत नाही. कोटीच्या आवरणाखाली जी घाण सभ्य बैठकीत सुखाने फिरते, तिच्याकडे त्याचा रोख असावा. गाडीवान उघड शिवी देतो. आपण द्व्यर्थी कोटी करतो आणि वर टाळी मागतो. दोहोंत अधिक निरागस कोण, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता प्रतिपक्षाची बाजू ऐकू. पौलाने स्वतः फिलिप्पैच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात एक शब्द वापरला आहे, ‘स्कुबला’. त्याचा अर्थ केरकचरा, किंबहुना शेण, विष्ठा. हा शब्द त्या काळी किती ग्राम्य समजला जाई याविषयी पंडितांत एकमत नाही. तथापि ग्राम्यच होता असे धरून चालू. पौलाने तो कोणावर टाकला? बन्यामिनाच्या वंशातला, अस्सल इब्री, शास्त्राने परूशी, असा जो त्याचा स्वतःचा कुळाभिमान, त्यावर! आपल्याकडे कुळाच्या अभिमानातून दुसऱ्यावर शिव्या पडतात; पौलाने घाणेरडा शब्द उचलला तो आपल्याच कुळाभिमानाला फेकून देण्यासाठी. असा उपयोग कोणी करीत असेल तर मी तरी त्याला अडविणार नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. राकट बोलणे आणि घाणेरडे बोलणे यांची आपण नेहमी गल्लत करतो. मी राहतो ते बोरगाव मेघे वर्ध्याला अगदी लागून आहे. सावंगी, सिंदी, पिपरी यांच्याप्रमाणेच या गावाच्या नावामागे ‘मेघे’ लागते. आणि शहर वाढत वाढत त्याच्या अंगणात आले आहे. त्यामुळे कपाशी वेचणारी बाई आणि महाविद्यालयात शिकविणारे गृहस्थ एकाच दुकानात मीठ-तेल घेतात. पोरांचे खेळही एकत्र चालतात. अशा वेळी एखादी सुशिक्षित माता पोराला हाताला धरून घरात ओढते, कारण त्याच्या तोंडी ‘काय बे’ आले! बोलीतला तो ‘बे’ मित्राला घातलेली हाक आहे. त्याने कोणाची अब्रू जात नाही. पेत्राची गोष्ट या संदर्भात मला फार बोलकी वाटते. येशूला धरून नेले त्या रात्री अंगणात उभ्या असलेल्या पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून. ती बोली यरुशलेमच्या कानांना गावंढळ लागत असेल. पण तिच्यात पाप नव्हते. पाप पुढच्या क्षणी घडले, जेव्हा तो शापोच्चार करीत आणि शपथा वाहत म्हणाला की या माणसाला मी ओळखत नाही. भीतीने खोटे बोलावयाचे होते, म्हणून त्याला शिव्याशापांचा आधार घ्यावा लागला. रागाच्या शिव्या आपण ओळखतो. भित्रेपणाच्या शिव्या मात्र आपल्याला शौर्यासारख्या दिसतात.

उलट अत्यंत शुद्ध, प्रमाण मराठीतही माणसाला चिरडता येते. डोंगरावरील प्रवचनात येशूने ‘राका’ या शब्दाचा उल्लेख केला आहे. तो अरामी शब्द. अर्थ रिकाम्या डोक्याचा, कवडीमोल. त्यात अश्लील असे काही नाही, तरी येशूने त्याची वर्णी खुनाच्या पाठोपाठ लावली. ‘‘ही माणसे अशीच,’’ हे तीन शब्द आपण चहाच्या पेल्यावरून किती सहज उच्चारतो! कोणत्याही कोशात ते शिवी म्हणून सापडणार नाहीत.

आणि आपल्या देशात तर जातीचे नावच शिवी झाले. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, १८३१ साली अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले. पुढे तेथे जी मंडळी ख्रिस्ती झाली त्यांत महार आणि मांग कुटुंबांचा मोठा भरणा होता. या लोकांना शिवी म्हणजे काय हे कोणत्याही धर्मोपदेशकाने शिकविण्याची गरज नव्हती. ती त्यांनी पिढ्यान्पिढ्या ऐकली होती, आणि बहुधा ती सोवळ्यातल्या तोंडून आली होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना त्यांच्या वडिलांचे ते विलक्षण सोवळे आठवेल, ज्याखाली सारे घर भरडले जात असे. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना त्या मार्गाने जाण्यापूर्वी कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाशी पुष्कळ झगडावे लागले. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातला वाद नेमका हाच आहे. तोंडात जे जाते त्याने मनुष्य विटाळत नाही, तोंडातून जे निघते त्याने विटाळतो, असा येशूचा निर्णय आहे. विटाळाची सारी कल्पना ताटावरून उचलून त्याने जिभेवर आणून ठेवली. ज्या समाजात पाण्याचा विटाळ मानीत आणि शिवीचा मानीत नसत, त्या समाजात हे वाक्य केवढा स्फोट होते!

ही गोष्ट इतिहासजमा झाली असे कोणी समजू नये. जातीवरून चारचौघांत केलेल्या अपमानास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने शिक्षा आहे. परंतु अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाले नाही. म्हणजे बापजाद्यांच्या जातीवरून शिवी ऐकावी लागते, आणि त्या कायद्याचे दार मात्र बंद. अशा मनुष्याला ‘‘तू ख्रिस्ती आहेस, उलट शिवी देऊ नकोस,’’ असे सांगण्यापूर्वी सांगणाऱ्याने आपण कोठे उभे आहो ते पाहावे. आणि मंडळीतच जर पूर्वजातीच्या नावाने कुजबुज चालत असेल, तर तेथील व्यासपीठावरून शिवीगाळीवर दिलेल्या प्रवचनाला काय किंमत?

मग कठोर बोलूच नये काय? तसे म्हणता येत नाही. येशूने ढोंगी शास्त्र्यांना सापाची पिल्ले म्हटले, हेरोदाला कोल्हा म्हटले. आमच्या तुकोबांनी दांभिकांना जे आहेर दिले ते तर सर्वश्रुत आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ज्यांनी अनेक वर्षे काढली ते जोसेफ कुमारप्पा श्रद्धावंत ख्रिस्ती होते; १९३४ साली निघालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वाहिले आणि येशूच्या शिकवणीवर १९४५ साली पुस्तकही लिहिले. परकी सत्तेची पाठराखण करणाऱ्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांविरुद्ध त्यांची लेखणी चांगलीच धारदार चाले. या सर्वांत एक समान गोष्ट दिसते. त्यांचा तडाखा वरच्या दिशेने, बलवानावर जातो. शिवी बहुधा खालच्या दिशेने जाते. साहेबाचा राग शिपायावर, शिपायाचा बायकोवर, तिचा पोरावर, आणि पोराचा कुत्र्यावर!

परधर्माच्या देवतांविषयी तोंड टाकण्याचीही एक परंपरा आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात काही मिशनऱ्यांनी ती पाळली, आणि प्रतिपक्षानेही तिचा पुरेपूर मोबदला दिला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे वाद झाले ते याच धामधुमीतले. शिमग्याच्या बोंबांवर धर्मप्रसारकांनी कोरडे ओढले ते योग्यच झाले. परंतु शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर चिखल उडविणे हा देखील एक शिमगाच. प्रेषितांच्या कृत्यांत इफिस येथील दंगलीची हकीकत आहे. तेथे नगराचा अधिकारी, जो स्वतः ख्रिस्ती नव्हता, जमावाला सांगतो की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. पौलाच्या सोबत्यांना विरोधकांकडून मिळालेले हे प्रशस्तिपत्र आपल्या प्रवचनांत फारसे ऐकू येत नाही.

शेवटी त्या शिव्यांकडे यावयाचे, ज्यांत आई आणि बहीण येते. भांडण दोघा पुरुषांचे, आणि विटंबना होते ती घरी भाकरी थापीत बसलेल्या, भांडणाची वार्ताही नसलेल्या स्त्रीची! नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. याच तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दंडाने जीभ सुधारते काय, अशी शंका पुष्कळांनी घेतली असेल. मला एका जुन्या उपायाची आठवण होते. इ. स. ३८७ मध्ये अंत्युखियात करवाढीवरून दंगा झाला, लोकांनी बादशहाचे पुतळे पाडले, आणि सारे शहर शिक्षेच्या भयाने गारठून गेले. त्या दिवसांत योहान ख्रिसोस्तोम हा धर्मगुरू रोज लोकांना धीर देई आणि त्याच प्रवचनात पुन्हा पुन्हा सांगे, निदान ती शपथा वाहण्याची सवय तरी सोडा. घरात कोणाच्या तोंडून शपथ निघाली तर त्याने त्या रात्री उपाशी निजावे, असा दंड त्याने सुचविला. हा दंड त्याने बायकामुलांवर आणि चाकरांवर सोपवून दिला नाही. घरधन्यानेही तो भोगावा, असे त्याने स्पष्ट सांगितले.

सौंदाळ्यात दंड वसूल करावयास ग्रामसभा आहे. घरात पहिली शिवी धन्याचीच निघाली, तर त्याच्या पुढचे ताट कोणी उचलावे?