जमिनीचा भाव आणि बँकेची तिजोरी

कविता लिहिणाऱ्याने बँकांविषयी बोलावे, हे जरा विचित्रच. पण पैशाला पूर कसा येतो, ते आमच्या कर्जत-खालापुरात भाताच्या बांधावरूनही दिसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि बांधाबांधावर फार्महाऊसच्या पाट्या लागल्या. भाव चढला की बँकेला तारण भक्कम वाटते. ती आणखी कर्ज देते, त्या कर्जाने भाव आणखी चढतो. एकेक कर्ज कागदावर चोख असते. पण साऱ्यांचा आधार तीच जमीन. भाव कोसळला की सगळे एकदम अडचणीत. १९९७ साली थायलंडमध्ये हेच झाले. तिथल्या इमारतींमागे परदेशी कर्जही होते, त्यामुळे चलनही घसरले.

आपल्याकडे वेणुगोपाल रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने तेजीतच लगाम ओढला. शंभर रुपयांच्या साध्या कर्जामागे बँकेला स्वतःचे किमान नऊ रुपये भांडवल राखावे लागे. व्यापारी बांधकामाच्या कर्जावरचा जोखीमभार २००५ मध्ये शंभरावरून सव्वाशे टक्के आणि २००६ मध्ये दीडशे टक्के झाला. म्हणजे नवाचे साडेतेरा! कर्जाला बंदी नाही, पण देणाऱ्याचा हात आखडला. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, तेव्हा भार पुन्हा शंभरावर आणला. घाट उतरताना गाडी लहान गिअरमध्ये धरायची आणि सपाटीला मोकळी सोडायची, हे खोपोलीच्या ट्रकवाल्याला सांगावे लागत नाही. सरकारी भाषेत मात्र याला केवढे अवघड नाव आहे!

हा लगाम तेजीला आवरतो. बँकेच्या आतल्या लबाडीला नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पेण अर्बन बँकेत कर्जवाटपाचा घोटाळा झाला, २०१० साली निर्बंध आले, २०१४ साली परवाना गेला. आमच्या घरात ठेवीला अमानत म्हणतात. कुणाच्या लेकीचे लग्न, कुणाचा निवृत्तीचा पैसा त्या शब्दात असतो. ठेवीवरचा विमा तेव्हा एक लाखाचाच होता, १९९३ पासून. तो पाच लाखांचा झाला फेब्रुवारी २०२० मध्ये, मुंबईची पीएमसी बँक अडकल्यावर. पुढच्या वर्षी पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना गेला, तेव्हा ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. पेणच्या रांगेतल्या माणसांना असे कुणी सांगू शकले नव्हते.