एका पंक्तीचा धडा

तव्यावरच्या भाकरीचा वास आला की लहानपणचे घर आठवते ना? वासाची वाट मेंदूतल्या आठवणींच्या जागेजवळूनच जाते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. नाना जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकाच पंक्तीत जेवत. धान्याची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. शेजारी बसून जेवणे, हाच तिथला पहिला धडा.

गुरुजी, बाई, आज तुमच्या शाळेतही खिचडी शिजते. एखादे पोर पंक्तीपासून दूर, एकटेच बसते का, तेवढे बघा. आपले ताट घेऊन त्याच्याजवळ बसा. पाढे ते विसरेलही. पण खिचडीचा वास आला की त्याला आठवेल, आपल्याशेजारी कुणीतरी बसले होते.