विहिरीवरच्या दोघी आणि झाडाआडची तिसरी

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. माझा घसा बसलाय आणि विषयही असा आहे की मधेमधे मी हळू बोलणार आहे.

तीन आठवड्यांपूर्वी इन्स्टावर एका मुलीचा मेसेज आला. "ताई, एपिसोड खूप आवडतात. तुमचं आडनाव काय?" बास, एवढंच. खाली एक हसरा इमोजी. आता तुमच्यातले काही जण म्हणतील, यात काय एवढं? आणि काहींच्या पोटात हे ऐकूनच बारीकसा गोळा आला असेल. मी दुसऱ्या गटातली. दोन दिवस मी तो मेसेज नुसता बघत होते.

या पॉडकास्टवर मी फक्त नाव लावते, आडनाव नाही. विसरून नाही, ठरवून. त्याला कारण आहे पुण्यातली एक खोली.

२०१७ ची गोष्ट. कर्वेनगरात खोली बघायला गेले होते. खोली मस्त होती, उजेड भरपूर, बसस्टॉप दोन मिनिटांवर. घरमालकीणबाई, म्हणजे काकू, त्यांनी पोहे केले आणि तासभर माझ्याशी बोलत बसल्या. लग्नाआधी त्या बँकेची परीक्षा पास झाल्या होत्या. सासऱ्यांनी नोकरी करू दिली नाही. "आम्ही म्हणजे घरातल्या बिनपगारी मोलकरणी गं," असं म्हणाल्या. मुलींनी आपल्या पायावर उभं राहिलंच पाहिजे, म्हणून मी खोली मुलींनाच देते, असंही म्हणाल्या. मला भरून आलं होतं, खोटं नाही सांगत. मग डिपॉझिटचं ठरलं, त्यांनी डायरी उघडली. "पूर्ण नाव सांग." मी सांगितलं. पेन थांबलं. "म्हणजे तुम्ही कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. "गाव नाही गं..." एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडलं. संध्याकाळी फोन आला, भाची शिकायला येतेय, खोली तिला द्यायची ठरलीय.

बरं, काकू काही दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. स्वतःवर झालेला अन्याय त्यांना लख्ख दिसत होता. नेमका शब्द होता त्यांच्याकडे त्याच्यासाठी. मग पुढच्याच मिनिटाला असं कसं? हे कोडं मला सुटलं ते एका कथेमुळे, आणि ती कथा आहे १९३२ सालची.

प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ'. शाळेत हिंदी घेतलेल्यांनी नाव तरी ऐकलं असेल. इनमिन चार-पाच पानं. जोखू आजारी आहे, तहानलाय. त्यांच्या वाट्याच्या विहिरीत जनावर मेलंय, पाण्याला घाण वास येतोय. त्याची बायको गंगी म्हणते, मी ठाकुराच्या विहिरीवरून आणते. जोखू म्हणतो, हातपाय मोडून घेशील. तरी ती रात्रीची निघते.

आता ही फक्त तिकडची, उत्तर प्रदेशातल्या खेड्यातली गोष्ट समजू नका. कथा येण्याच्या पाचच वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला बाबासाहेबांनी हजारो लोकांसोबत चवदार तळ्याचं पाणी प्यायलं होतं. आणि नंतर तिथल्या सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं होतं. महाडला तरी माणसं हजारोंनी होती. गंगी एकटी आहे आणि अंधार आहे.

विहिरीजवळ ती झाडाच्या सावलीत लपते. तिच्या डोक्यात जे चाललंय ना, ते वाचताना अंगावर काटा येतो. आम्ही खालचे आणि हे वरचे, ते का? चोऱ्या हे करतात, खोट्या केसेस हे करतात. आणि मी गावात आले की माझ्याकडे वखवखल्या नजरेने हेच बघतात. म्हणजे बघा हं, तिचा हात पाण्याला लागला तर पाणी बाटतं, पण तिच्यावर नजर टाकली तर नजर बाटत नाही. जात आणि बाईपण असं एकाच देहावर एकदम काम करतं. हे समजवायला आज आपण मोठमोठे शब्द वापरतो. प्रेमचंदांनी ते एका बाईच्या मनातल्या बडबडीत बसवलंय.

आणि मग तो प्रसंग येतो ज्याच्यासाठी मी आज माईक लावलाय. दोन बायका पाणी भरायला येतात, वरच्या जातीच्या. गंगी झाडाआड, श्वास रोखून. त्या दोघी आपसात कुरकुरतायत. पुरुष जेवायला बसले आणि हुकूम सोडला की ताजं पाणी आणा. आपण घटकाभर बसलो तर यांना बघवत नाही. आपण काय, मोलकरणीच. दुसरीकडे कुठे एवढं राबलो असतो तर सुखात असतो.

मोलकरणी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. काकूंचा आवाज ऐकू आला अक्षरशः.

त्या दोघींचं म्हणणं खोटं आहे का? अजिबात नाही, शब्दन् शब्द खरा आहे. पण त्या बोलतायत ते विहिरीच्या काठावर उभं राहून, हातात दोर घेऊन. तिसरी झाडाआड आहे आणि त्यांना ती दिसलीच, तर त्याच आधी ओरडतील. त्या जातात. गंगी दोर टाकते, घागर पार वर येते, आणि ठाकुराचं दार उघडतं. दोर सुटतो. ती पळत सुटते. घरी येऊन बघते तर जोखू तेच घाण पाणी तोंडाला लावून पितोय. संपली कथा.

आपल्याकडे "स्त्रियांचे प्रश्न" म्हणून कथा-कादंबऱ्यांचं जे शेल्फ असतं, त्यातलं बरंचसं लेखन मला काठावरच्या दोघींचं वाटतं. चांगलं आहे, खरं आहे, मी ते वाचते. पण ते लिहिणारीने मान वळवून झाडाकडे पाहिलं का, हे मी आता शोधते. सवय लागलीय, काय करणार.

प्रेमचंद स्वतः दलित नव्हते, पुरुष होते, तरी इथे त्यांची नजर झाडाआड उभी आहे. नेहमीच तसं झालं असं मात्र नाही. तीनेक वर्षांनी त्यांनी 'कफन' लिहिली, जी बहुतेक जण त्यांची सर्वांत मोठी कथा मानतात. थंडीची रात्र. घीसू आणि माधव, बाप-लेक, झोपडीच्या दाराशी बसून भाजलेले बटाटे खातायत. आत माधवची बायको बुधिया बाळंतपणाच्या कळांनी तडफडतेय. आत जायला दोघंही तयार नाहीत. माधवला भीती, मी उठलो तर बाप बटाटे संपवेल. ती मरते, आणि कफनासाठी गोळा केलेल्या पैशांची हे दोघं दारू पितात.

या कथेवर अनेक दलित लेखकांनी आक्षेप घेतलाय. चांभार समाजाच्या माणसांना असं निर्दय, आळशी का दाखवलं, म्हणून. दुसरी बाजू म्हणते, व्यवस्थेने माणसाचं काय करून टाकलं हे त्यात आहे. वाद अजून चालू आहे. मला आक्षेप बराचसा पटतो. पण या सगळ्या वादात एक गंमत बघा, सगळे बोलतात बाप-लेकांबद्दलच. आणि ज्या बाईने दळणं दळून, गवत कापून त्या दोघांची पोटं भरली, ती कथाभर फक्त ओरडते. एक वाक्य नाही तिला. बाप-लेकांसारखाच लेखकही दाराशीच थांबला. समीक्षकही.

मग मराठीत बाबुराव बागूल येतात. १९६३, 'जेव्हा मी जात चोरली होती'. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढलेला माणूस. ही कथा भाड्याने खोली शोधलेल्या प्रत्येकाने वाचावी. नायक सुरतजवळ उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि जात लपवतो. लपवल्यामुळे त्याला मान मिळतो, आणि मानासोबत येते धडधड. तिथेच काशिनाथ नावाचा दुसरा कामगार आहे, तो लपवत नाही आणि कायम भांडायला तयार असतो. शेवटी जात उघड होते, नायकाला मारहाण होते, आणि त्याला वाचवतो तो काशिनाथच. जबरदस्त कथा आहे. पण माझ्यासारखीला वाचताना प्रश्न पडतोच की हा रात्रीच्या गाडीत बसून नव्या गावात नवा माणूस होऊ शकतो, गंगी कुठे जाईल?

त्याचं उत्तर मला उर्मिला पवारांकडे मिळालं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या, आई बांबूच्या टोपल्या विणायची. त्यांची 'कवच' ही कथा शोधून वाचा. आंबे विकणारी आई, सोबत शाळकरी मुलगा. बाजारातले पुरुष आंब्यांवरून घाणेरडे द्वयर्थी बोलतात. मुलगा शरमेने मेल्यासारखा होतो, त्याला वाटतं आईने बाजारात जाऊच नये. आणि आई? ती तिथल्या तिथे, त्यांच्याच भाषेत उत्तर देते. ते उत्तर हेच तिचं कवच.

ही कथा अभ्यासक्रमात लागली तेव्हा अश्लील म्हणून ओरड झाली. काय मजा आहे बघा. बाजारातले पुरुष रोज बोलतात, ते चालतं. बाईने ते कागदावर उतरवलं की अश्लील. पुढे २००३ मध्ये 'आयदान' या आत्मकथनात त्यांनी हेही लिहिलं की त्या एम.ए. करत होत्या ते घरात नवऱ्यालाही खुपत होतं. म्हणजे काठावरच्या बायका आणि घरातला पुरुष, दोघांशीही एकाच वेळी बोलणारी ही बाई. कुणालाच सोयीची नाही. (हसते.) म्हणूनच मला आवडते.

बरं, त्या मेसेजचं राहिलं. दोन दिवसांनी मी तिला लिहिलं, "का विचारतेस?" मला वाटलं होतं, आता ब्लॉक करावं लागणार. तिचा लांबलचक व्हॉइस नोट आला. तिच्या परवानगीने सांगतेय, तपशील थोडे बदललेत. ती शिकायला शहरात आलीय. खोली मिळावी म्हणून तिने दुसरंच आडनाव सांगितलंय. म्हणाली, "ताई, इथल्या काकू खूप चांगल्या आहेत. परीक्षेच्या वेळी मला रात्री दूध आणून देतात. म्हणूनच जास्त भीती वाटते." मी आडनाव सांगत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून तिने विचारलं होतं. दुसरं कुणी आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

मी तिला बागुलांच्या पुस्तकाचं नाव कळवलं. काल तिचा मेसेज आला, कथा वाचून झाली, रात्रभर झोप नाही आली, आणि काकूंना सांगावं का यावर ती अजून विचार करतेय. सांग किंवा नको सांगू, असं काहीच मी म्हटलं नाही. भाडं तिला भरायचंय, मला नाही. माझं आडनाव मात्र मी तिला सांगितलं.

तुम्हाला आज नाही सांगत. 'ठाकूर का कुआँ' आज झोपायच्या आधी वाचून होईल, पंधरा मिनिटं लागतात. वाचलीत की मला व्हॉइस नोट पाठवा, आणि त्या दोघींबद्दल काय वाटलं तेवढंच सांगा. भेटू पुढच्या गुरुवारी.