यीस्टची सोयरीक



पाव फुगवणारे यीस्ट आपणां सर्वांच्या ओळखीचे. त्यातला एकेक जीव म्हणजे एकच पेशी. मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. तिला डोळे नाहीत, कान नाहीत, पाय तर नाहीतच. मग तिची सोयरीक जुळते कशी?

यीस्टच्या एकेरी गुणसूत्रांच्या पेशींत दोन प्रकार असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशी रूक्ष नावे दिली आहेत. अल्फा पेशी तेरा ॲमिनो आम्लांची एक साखळी भोवतालच्या द्रवात सोडते. हे तिचे पत्र! ‘ए’ पेशीच्या आवरणात ते पत्र घेणारे प्रथिन असते, आवरणाच्या आरपार सात वेळा ओवलेले. बाहेर साखळी चिकटली की आतल्या बाजूचे एक प्रथिन सुटे होते, ते पुढच्याला जागे करते, ते त्याच्या पुढच्याला, आणि निरोप पेशीकेंद्रात पोचतो. ‘ए’देखील आपले पत्र धाडतेच, ते वेगळ्या घडणीचे असते इतकेच.

निरोप पोचला की पेशी आधी आपली विभागणी थांबवते. एरवी भरपूर अन्न असले तर दीड-दोन तासांत एकीच्या दोन होतात; तेव्हा हे थांबणे काही स्वस्त नव्हे. जोडीदार आलाच नाही, तर शेजारणींची लेकरे-नातवंडे होऊन जातात आणि ही तशीच! मग, चालता येत नसल्यामुळे, ज्या बाजूने पत्रे दाट येतात त्या बाजूला ती चोच काढते. चोचीला चोच भिडली की दोन पेशींची एक होते.

मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. अल्फाचे पत्र तोडणारे प्रथिन ‘ए’ पेशी स्वतःच बाहेर सोडते. आलेले पत्र फाडून टाकायचे, हा वेडेपणाच वाटेल. पण चहूकडून आलेली पत्रे साचून राहिली, तर जवळचे कोण हे कळावे कसे? हे प्रथिन ज्यांच्यात नसते त्या पेशी अल्पशा संदेशानेही अडून बसतात, आणि जोडीदाराची निवड त्यांना नीट साधत नाही.

या थांबण्याचा उपयोग सिॲटल येथे लेलंड हार्टवेल यांनी १९७० च्या दशकात केला. अल्फाचा संदेश देऊन पेशी एकाच टप्प्यावर अडवायच्या, आणि विभागणीच्या वाटेवर माघार कुठवर घेता येते ते पाहायचे. विभागणीचा लगाम सुटणे म्हणजेच कर्करोग. म्हणून २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

सात वेळा ओवलेली प्रथिने आपल्याही शरीरात शेकड्यांनी आहेत. १९९० साली संशोधकांनी ॲड्रेनॅलिनचा संदेश घेणारे माणसाचे प्रथिन यीस्टमध्ये घातले, सोबत सस्तन प्राण्याचे एक मध्यस्थ प्रथिनही दिले. मग ॲड्रेनॅलिनसारखे औषध पाजताच यीस्टमधली सोयरिकीची यंत्रणा जागी झाली.