सेल्फ दाबला, टिक पण नाही

मागच्या भागात सर्व्हर बंद पडला की काय करतो ते सांगितलं होतं. आज सर्व्हर नाही, गाडी. तीही चार जाड टायरांची, एकशे दहा सीसीची छोटी एटीव्ही. माझ्या मामाची. तुमच्याकडे असली गाडी नसेल, पण स्कूटर असेल तरी बरंचसं उपयोगी पडेल, तेव्हा थांबा.

मामा राहतो तारोडीला. भाईंदर पश्चिमेला उतरलात की उत्तनकडे जाणारी बस पकडायची. मुर्धा, राई मागे टाकत गाव येतं. मुंबईला इतकं चिकटून असूनही इथे अजून वाड्या आहेत, विहिरी आहेत आणि हवेत कायम खारटपणा आहे. हा खारटपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मामा एका ओळखीच्याच्या वाडीत शनिवार-रविवार पोरांना एटीव्हीच्या फेऱ्या मारून देतो. कुंपणाच्या आतच, कारण या गाडीला पासिंग नाही, रस्त्यावर काढता येत नाही. जूनमध्ये ताडपत्रीखाली गाडी जाते, दसऱ्यानंतर बाहेर येते.

गेल्या वर्षी बाहेर काढली आणि सेल्फ दाबला तर टिक पण नाही. किक तर या गाडीला नसतेच. रविवारी वाढदिवसाची पार्टी ठरलेली, बारा-पंधरा मुलं. गुरुवारी रात्री मामाचा फोन, "अरे, तू इंजिनिअर ना? ये बघू." मी बीटेक आहे हे खरं, पण कॉम्प्युटरचा! हे मामाला सात वर्षं सांगतोय.

शनिवारी सकाळी पोहोचलो आणि पहिलीच चूक केली. "चार महिने उभी होती ना, बॅटरी गेली" असं छातीठोक सांगून टाकलं. मामा भाईंदरला जाऊन नवी बॅटरी घेऊन आला, हजारभर रुपये गेले. लावली. परत टिक नाही. आणि मल्टीमीटर माझ्या बॅगेतच होता! जुनी मोजली तर साडेबारा व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६ दाखवते, बाराच्या खाली गेली तर ती रिकामी समजायची. सेल्फ फिरताना साडेनऊच्या वर राहिली पाहिजे. म्हणजे जुनी ठणठणीत होती. ऑफिसमध्ये कुणी लॉग न बघता सर्व्हर बदलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मग डोकं थंड करून बसलो. सेल्फ दाबल्यावर काय ऐकू येतं, यावर निम्मं काम होतं. 'टिक टिक' आली, पण इंजिन फिरत नाही, तर बॅटरी कमजोर किंवा तिची टोकं सैल. इंजिन फिरतं पण पेटत नाही, तर करंट नाही किंवा पेट्रोल नाही. काहीच आवाज नाही, तर सेल्फपर्यंत वीजच पोहोचत नाहीये. आधी फ्यूज बघितला, शाबूत होता. पुढचा संशय ब्रेकवर. या छोट्या गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि बहुतेकींत मागचा लाल दिवाही त्याच स्विचवर असतो. मामाला मागे उभं केलं, ब्रेक दाबला. "दिवा लागला?" "नाही." सापडलं! लिव्हरखालचा इवलासा स्विच, आत सगळी हिरवी बुरशी. तांब्याला खारी हवा लागली की हेच होतं. पॉलिश पेपरने घासला, दिवा लागला, सेल्फ फिरला. एका रुपयाचं काम.

इंजिन फिरलं, पण पेटेना. प्लग काढला, टोपणात बसवून इंजिनच्या धातूला टेकवला आणि सेल्फ मारला. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब धरा आणि आसपास सांडलेलं पेट्रोल नको. ठिणगी नाही. आता नवा प्लग, नवी कॉइल, नवा सीडीआय असं एकेक आणत बसायचं, हा गॅरेजचा नेहमीचा मार्ग. त्याआधी एक फुकटची तपासणी आहे. सीडीआयला एक 'बंद कर' सांगणारी वायर जाते, आमच्या गाडीत काळी-पांढरी. ती बॉडीला टेकली की ठिणगी बंद. किल्ली, हँडलवरचं लाल बटण आणि मागचा दोरीचा स्विच, तिघं हीच वायर टेकवतात. ती सोडवली तर टचकन निळी ठिणगी! म्हणजे सीडीआय, कॉइल, प्लग सगळे निर्दोष, तिघांपैकी एक जण खोटं बोलतोय. फक्त एक सांगतो, ही वायर सोडलेली असताना किल्लीने इंजिन बंद होत नाही, म्हणून गाडी चालू करायला जाऊ नका, ठिणगी बघण्यापुरतंच. मी वायर परत जोडली आणि तिघांचे कनेक्टर एकेक करून काढत गेलो. दोरीचा स्विच काढला आणि ठिणगी आली. आतून सडून तो कायमचा 'बंद'वर अडकला होता.

पेट्रोलचं थोडक्यात. जूनचं पेट्रोल टाकीत तसंच होतं, उघडल्यावर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरची वाटी खालच्या स्क्रूने सोडली, बारीक जेट काढून उजेडात धरला, आरपार काही दिसेना. ब्रशच्या एका तारेने साफ केला. चोक ओढला, सेल्फ मारला, तिसऱ्यांदा गाडी चालू. मामाने टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "दोरीचा स्विच अजून निघालेलाच आहे."

"राहू दे ना. चालू झाली ना? उद्या पोरं यायचीत."

हा स्विच म्हणजे काय ते सांगतो. गाडीच्या मागे एक टोपी आणि दोरी असते. मूल गाडी चालवतं, मोठा माणूस दोरी धरून मागे चालतो, गडबड झाली की ओढतो, इंजिन बंद. घाबरलेलं मूल ब्रेक दाबत नाही, हाताची मूठ आवळतं, आणि अंगठ्याखाली रेस असते. एटीव्ही सोप्या दिसतात म्हणून फसवतात. अमेरिकेत १९७० पासून विकल्या जाणाऱ्या तीनचाकी एटीव्हींचे अपघात एवढे झाले की १९८८ मध्ये कंपन्यांना त्यांची विक्री थांबवावी लागली. खरं सांगू? मीही मिनिटभर गप्प बसलो. बॅटरीचे हजार मीच घालवले होते, आता रविवारही घालवायचा?

मग मागची चाकं विटांवर उचलून गाडी चालू केली, रेस थोडी धरून ठेवली. "मामा, मागून बंद कर." त्याने सवयीने दोरी ओढली. चाकं फिरतच राहिली. त्याने दोनदा ओढली. मग वळसा घालून पुढे आला, लाल बटण दाबलं. तेवढ्यात मी मनात मोजत होतो, चार सेकंद. कुंपण तिथून दहा पावलांवर होतं.

मामा काही बोलला नाही. आत जाऊन पार्टीवाल्यांना फोन केला. ते चिडले, रविवार गेला.

नवा स्विच मंगळवारी कुरिअरने आला, जुन्या बॅटरीपेक्षा बराच स्वस्त. या वेळी पिनांवर ग्रीस लावूनच बसवला. आता दर शनिवारी पहिल्या फेरीआधी मामा स्वतः दोरी ओढून बघतो. आणि ती जुनी बॅटरी वाडीच्या फाटकावरचा दिवा पेटवते. मी गेलो की मुद्दाम लावून दाखवतो.

चला, भेटू पुढच्या भागात.